गोरखचिंच: नाव नाथांचं, गाव आफ्रिकेचं

मे २०२३ मध्ये सांताक्रूझला एस. व्ही. रोडवरचं जुनं झाड मेट्रो २बी च्या कामासाठी तोडलं तेव्हा बातम्यांत ‘३०० वर्षांचा बाओबाब’ असं आलं होतं. बाओबाब म्हटलं की कुठलं तरी परदेशी झाड वाटतं, पण आपल्याकडे त्याला जुनं नाव आहे, गोरखचिंच, आणि खरी गंमत त्या नावातच आहे.

लोक सांगतात की गोरक्षनाथ या झाडाखाली बसून शिष्यांना उपदेश करायचे, म्हणून गोरख. आणि चिंच का, तर फळ फोडलं की आत पांढरा भुसभुशीत गर असतो तो चांगलाच आंबट लागतो. बाकी चिंचेशी याचं काही नातं नाही, पानं तर हाताच्या पंजासारखी. झाड मूळचं आफ्रिकेतलं. ॲडनसन नावाचा फ्रेंच माणूस १७४९ मध्ये सेनेगलला गेला, तिथल्या या झाडांवर त्याने लिहिलं, म्हणून शास्त्रीय नाव ॲडन्सोनिया. (आपली रोजच्या आमटीतली चिंच पण मूळची आफ्रिकेचीच बरं का, आणि अरबांनी तिला नाव दिलं तमर हिंदी, म्हणजे हिंदचा खजूर!)

मग इथे आलं कसं? अरब व्यापारी, जंजिऱ्याचे सिद्दी, पोर्तुगीज, सगळ्यांची नावं घेतली जातात, आणि २०१५ मध्ये जनुकं तपासून जो अभ्यास झाला त्यात पण हेच दिसलं की झाड एकदाच नाही, वेगवेगळ्या वेळी आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून आलंय. वसईच्या किल्ल्यात आजही गोरखचिंचा आहेत, आणि तो किल्ला १७३९ ला चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत पोर्तुगीजांकडे होता, त्यामुळे तिथे पोर्तुगीजांचं नाव पहिलं येणारच. पण लोकांनी कुठे विचारलं कोणी आणलं ते, सरळ नाथांच्या नावावर केलं आणि झाड आपलं झालं. तिकडे उत्तर प्रदेशात किंतूरला हेच झाड पारिजात म्हणून पुजतात, कुंतीच्या नावाशी जोडलेलं, आणि मध्य प्रदेशात मांडूला फळं ‘मांडू की इमली’ म्हणून विकतात.

अशा कथा याच झाडाला का चिकटतात हे उन्हाळ्यात बघितलं की कळतं. एकही पान नाही, हत्तीसारखं खोड आणि वर मुळांसारख्या फांद्या, म्हणजे कोणीतरी उपटून उलटं रोवलंय असंच वाटतं, आफ्रिकेत तर तशी गोष्टच आहे की देवाने रागाने उलटं लावलं. फुलं मोठी, पांढरी, खाली लोंबणारी, उमलतात संध्याकाळनंतर आणि त्यांच्यावर येतात वटवाघळं. रात्री रस्त्याने एकटं जाणाऱ्याला अजून काय पाहिजे!

आता वयाचं. प्रत्येक मोठी गोरखचिंच लोकांच्या तोंडी शेकडो वर्षांचीच असते, पण या झाडाचं लाकूड मऊ, पाणी धरणारं, खोड बऱ्याचदा आतून पोकळ, त्यामुळे वलयं मोजून वय काढायचं तर भरवसा नाही, नीट काढायचं तर कार्बन तपासणीच करावी लागते. तोपर्यंत ३०० काय आणि ५०० काय, घेर बघून केलेला अंदाजच तो.