पाय बेसवरून कधी सुटतो? मुलींच्या सॉफ्टबॉलमधल्या ‘स्टील’ची पार्श्वभूमी

स्टील म्हणजे बॅटचा फटका बसलेला नसताना पुढचा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पुढचा थांबा, पळून गाठणं, ‘चोरणं’. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत यावरून वाद हमखास होतो. फक्कीने आखलेल्या मैदानावर पहिल्या बेसवरची मुलगी पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणारीचा, हात फिरताच सुटते, दुसरा बेस गाठते, तिच्या गावची मंडळी टाळ्या वाजवतात आणि पंच तिलाच आऊट देतात. ‘कोणी हात तरी लावला का तिला?’ म्हणत पालक उठतात. पंच बरोबर असतात: चेंडू हातातून सुटण्याआधी बेस सोडायचा नसतो. पण हा नियम कुठून आला, हे मुलींना कोणी सांगत नाही.

सॉफ्टबॉल जन्मला छपराखाली. 1887 साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात तरुणांनी बॉक्सिंगचा हातमोजा बांधून चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली आणि जॉर्ज हॅनकॉक यांनी या खेळाला नियम दिले. खोलीतला खेळ म्हणून मैदान आक्रसलं. खेळ बाहेर आला, 1926 मध्ये त्याला ‘सॉफ्टबॉल’ हे नाव सुचवलं गेलं, 1933 मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय संघटना झाली, तरी मैदान लहानच राहिलं. बेसबॉलमध्ये दोन बेसमध्ये 90 फूट असतात, सॉफ्टबॉलमध्ये 60.

सगळी मेख या 30 फुटांत आहे. बेसबॉलचा रनर, म्हणजे बेसवरून धावणारा खेळाडू, बेस सोडून चार पावलं पुढे उभा राहतो, त्याला ‘लीड’ म्हणतात. 60 फुटांत लीड दिली तर दुसरा बेस फुकटच मिळेल. म्हणून फास्टपिचमध्ये, म्हणजे वेगवान चेंडूच्या सॉफ्टबॉलमध्ये, चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत पाय बेसवर हवा. आधी उचलला की डेड बॉल, म्हणजे खेळ तिथेच थांबतो, आणि रनर आऊट. मी मुलींना हे खो-खोवरून समजावते. खो मिळण्याआधी उठलं की फाऊल, तसंच हे. मग एकदाच सांगावं लागतं. पिचर चेंडू घेऊन 8 फूट त्रिज्येच्या वर्तुळात परतली की रनरने लगेच पुढे जायचं किंवा मागे फिरायचं, घुटमळायचं नाही, हा नियमही त्याच कारणाने आला.

लहान मुलींचा प्रश्न वेगळा आहे. 1974 मध्ये अमेरिकेच्या लिटल लीग या लहान मुलांच्या खेळाच्या संघटनेने मुलींसाठी सॉफ्टबॉल सुरू केला. होमपासून, म्हणजे बॅटिंगच्या जागेपासून, दुसरा बेस सुमारे 85 फूट पडतो. होममागे चेंडू झेलणाऱ्या दहा वर्षांच्या कॅचरच्या खांद्यात तेवढी ताकद कुठून येणार? चेंडू दोन टप्पे खात पोचतो तोवर रनर उभी असते. पिचरचे चार चेंडू बाहेर गेले की बॅटरला पहिला बेस, मग स्टील, पुन्हा स्टील, आणि बॅट न लावता रन. म्हणून तिथल्या अनेक लीगमध्ये लहान गटाला एका चेंडूवर एकच बेस चोरता येतो, होम चोरायला मनाई असते, काही ठिकाणी तर स्टीलच बंद असतं. वय वाढलं की बंधनं सुटतात.

आपल्याकडे राष्ट्रीय संघटना 1961 मध्ये जोधपूरला झाली. यवतमाळ-वाशीमच्या खेड्यात मात्र कॅचरचं किट शाळेत एकच असतं, आणि पावसाळ्यातल्या काळ्या मातीत रनरचा पहिला पाय रुततो, तसा कॅचरचाही. नवशिक्या मुलींच्या सराव सामन्यात मी तिसरा बेस आणि होम चोरू देत नाही. दुसऱ्या बेसवरची थ्रो जमायला कॅचरला एक हंगाम तरी द्यावाच लागतो.