संडास धुण्याचं काम घरच्यांकडे कसं आलं

वाकड्या मानेची निळी बाटली, लांब दांड्याचा ब्रश आणि कोपऱ्यात फिनेलचा कॅन. आज मराठी मध्यमवर्गीय घरात संडासाच्या सफाईचा सरंजाम एवढाच असतो. पण हे घरचं काम होऊन फार काळ लोटलेला नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या शहरी वाड्यात संडास होता, तो रोज साफही व्हायचा, आणि तरी तो कसा साफ करतात हे घरातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं, किंवा पाहायचं टाळलं होतं.

असा इतिहास सांगताना मोहेंजोदडोपासून सुरुवात करायची पद्धत आहे. तिथल्या घरांना विटांची शौचकुपं आणि झाकलेली गटारं होती हे खरं, पण ती परंपरा मध्येच तुटली. आपल्या आजी-पणजीच्या संडासाशी तिचं नातं लावता येत नाही. जवळचं उदाहरण गडांवरचं. रायगडाच्या राणीवशात शौचकुपं आहेत, आणि इतर बऱ्याच किल्ल्यांच्या तटातही दगडात कोरलेली बैठक आणि मैला तटाबाहेर सोडणारी उतरती वाट दिसते. गाईड तिथे हमखास थांबतात आणि पोरं हमखास खिदळतात. बाकी मुलखात मात्र टमरेल आणि गावाबाहेरची वाट. वस्ती विरळ होती तोवर ऊन आणि माती यांच्या भरवशावर ते निभावलं. पावसाळ्यात तीच घाण ओढ्या-विहिरीत उतरायची, आणि मग गावात पटकी यायची. गोव्यात आणखी वेगळी तऱ्हा होती: घरामागे उंच बैठक, खाली उतार, आणि उताराच्या तळाशी वाट पाहणारी डुकरं. तिथे सफाईचा प्रश्न मिनिटभरात सुटायचा. पुढे जंताचा प्रश्न उभा राहायचा तो वेगळा.

शहरात डुकरंही चालत नव्हती आणि शेतंही नव्हती. तिथे आला टोपलीचा संडास. उंच बांधलेली बैठक, तिला भोक, भोकाखाली टोपली किंवा पत्र्याचा डबा, आणि मागच्या भिंतीला जमिनीलगत एक बुटकं दार. ते दार घरात उघडत नसे, मागच्या बोळात उघडे. मुंबईच्या जुन्या इमारतींमध्ये दोन चाळींच्या मधल्या ज्या अरुंद फटीला आजही हाउस गल्ली म्हणतात, ती मुळात या कामासाठी सोडलेली. पुण्याच्या वाड्यांमागेही असे बोळ होते. सफाईवाला त्या बोळातून यायचा, बुटक्या दारातून हात घालून टोपली ओढायचा, खरवडायचा, मैला आपल्या पाटीत ओतून डोक्यावर घ्यायचा आणि त्याच बोळातून जायचा. पावसात पाटी गळे, आणि जे गळे ते त्याच्या केसांतून मानेवर उतरे. घरच्यांचा आणि त्याचा समोरासमोर संबंध येऊ नये अशीच वास्तूची रचना होती. सोवळ्या-ओवळ्याचा नियम इथे विटा-चुन्यात बांधून काढलेला होता.

ही व्यवस्था कायद्यातही बसवलेली होती. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात मालमत्तेवरच्या करांमध्ये हलालखोर कर नावाचाच एक कर होता. हलालखोर म्हणजे मैला उचलणारा. घरमालकाने कर भरला की विषय संपला. पुढे त्याच कराचं नाव मलनिःसारण कर झालं. तोवर विहारचं पाणी १८६० मध्ये आणि तानसाचं १८९२ मध्ये मुंबईत पोहोचलं होतं, काही भागांत जमिनीखालची गटारंही पडली होती; पण नळ आला म्हणून टोपली गेली नाही. माणसाची मजुरी पाइपापेक्षा स्वस्त पडत होती.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा या संडासांत पहिल्यांदा कोणी तरी डोकावून पाहिलं. त्या वेळी राजकोटमध्ये तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी खबरदारीच्या समितीवर होते. संडासांची तपासणी करायची असं त्यांनी ठरवलं. आत्मकथेत त्यांनी जे नोंदवलंय ते वाचण्यासारखं आहे: गरिबांनी तपासणीला हरकत घेतली नाही आणि सुचवलेल्या सुधारणाही केल्या, बड्यांच्या घरी काहींनी आत येऊ दिलं नाही, आणि जिथे जाता आलं तिथले संडास अंधारे, दुर्गंधीचे, किडे वळवळणारे निघाले. अस्पृश्यांच्या वस्तीत जायला समितीतला एकच जण तयार झाला. तिथे संडास नव्हतेच, पण घरं स्वच्छ, जमिनी शेणाने सारवलेल्या. म्हणजे ज्या घरात साफ करायला माणूस येत होता तिथला संडास सगळ्यात घाण होता. मला यात विरोधाभास वाटत नाही. ज्याला आत बसायचं असतं त्याला धुवायचं नसेल, तर तो दारही नीट लावत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न सगळ्यात चिवटपणे लावून धरला तो कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी कैद्यांचे संडास साफ करण्याचं काम मागितलं. जन्माने ब्राह्मण असलेल्या कैद्याला हे काम देता येत नाही, असं तुरुंगाचं उत्तर. त्यांनी अन्न सोडलं. येरवड्यात असलेल्या गांधींनीही डिसेंबर १९३२ मध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी उपास धरला, तेव्हा सरकार हललं. कोकणात लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणतात, पण मला त्यांचं मोठेपण उपासापेक्षा नंतरच्या कामात दिसतं. १९४८ साली कणकवलीत त्यांनी गोपुरी आश्रम उभा केला आणि तिथे संडासाची रचनाच बदलायला घेतली. मैला कोणाला हाताने उचलावाच लागू नये, तो खड्ड्यात कुजावा, त्याचं सोनखत व्हावं, आणि हे सगळं खेड्यातल्या माणसाला परवडावं. त्यांच्या त्या नमुन्याचं नावच सोपा संडास. सफाई करणाऱ्याची जात बदलून भागणार नाही, कामच नाहीसं करायला हवं, हे त्यांना कळलं होतं.

सरकारी पातळीवर गोष्टी समित्यांच्या गतीने चालल्या. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली, तिचा अहवाल १९५२ मध्ये आला, केंद्राची मलकानी समिती १९५७ ची. डोक्यावरून मैला वाहणं बंद करा, असं सगळ्यांनी सांगितलं. त्याला बंदी घालणारा कायदा व्हायला १९९३ उजाडलं, आणि तो अमलात यायला १९९७.

अप्पासाहेबांचा धागा पुढे देहूत गेला. सुहास मापुसकर नावाचे तरुण डॉक्टर १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात आले. जुलाब, जंत, कावीळ. औषध देऊन पाठवलं की तोच रुग्ण पुन्हा दारात. संडास बांधल्याशिवाय दवाखान्याला अर्थ नाही हे पाहून त्यांनी गावकऱ्यांना तयार केलं, आणि पहिल्याच पावसाळ्यात ते संडास कोसळले. ज्यांना गळ घालून बांधायला लावलं होतं त्यांना तोंड कसं दाखवणार? त्यानंतर ते अप्पासाहेबांकडून रचना शिकले, देहूच्या मातीला जमेल अशी तिला वळवत राहिले, आणि पुढे संडासाला जोडलेले गोबरगॅससारखे संयंत्रही त्यांनी उभे केले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. बिहारमध्ये बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये सुलभ सुरू केलं ते देशभर गाजलं. देहूचं काम मराठी माणसांनाही फारसं माहीत नाही.

आता जरा पॅनकडे पाहू, कारण संडास स्वच्छ राहतो की नाही हे निम्मं तिथेच ठरतं. आधीचे पॅन सिमेंटचे, खडबडीत, उताराने सपाट. मैला चिकटून राही, एका वेळेला बादलीभर पाणी लागे, आणि ते पाणी बाईच्या डोक्यावरून विहिरीवरून आलेलं असे. अशा घरात संडास बांधूनही वापरात नसे, यात नवल नाही. ग्रामीण पॅनला मग २५ ते २८ अंशांचा तीव्र उतार दिला आणि ट्रॅपमध्ये, म्हणजे पॅनखालच्या पाइपाच्या वाकात, जेमतेम २० मिलिमीटर पाणी उभं राहील अशी सोय ठेवली. दीड-दोन लिटरमध्ये सगळं वाहून जातं. शहरातल्या ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी असतं आणि जुन्या साखळीच्या टाकीतून एका ओढीला दहा-बारा लिटर सुटायचं. दोन्हीकडे तत्त्व एकच, लंडनच्या अलेक्झांडर कमिंगने १७७५ मध्ये पेटंट घेतलेलं: पाइपाला वाक द्या, वाकात पाणी राहील, ते पाणी वास आणि माश्या दोन्ही अडवेल. टोपलीच्या संडासात ही अडवणूक नव्हती. फिनेलचा उपयोग नंतरचा, आधी ते वाकातलं पाणी. महिनाभर बंद राहिलेल्या फ्लॅटचं दार उघडल्यावर जो वास येतो तो घाणीचा नसतो, ट्रॅपमधलं पाणी वाळलेलं असतं. तांब्याभर पाणी ओतलं की काम भागतं.

पाण्याने मैला वाहून जायला लागला आणि चकचकीत चिनी मातीचा पॅन घरात आला, तेव्हाच संडास धुणं घरच्या माणसाला करण्याजोगं झालं. त्याबरोबर आली रसायनं. जोसेफ लिस्टरने १८६७ मध्ये कार्बोलिक अ‍ॅसिडने जखमा निर्जंतुक करता येतात हे दाखवलं आणि डांबरापासून काढलेल्या जंतुनाशकांचं युग सुरू झालं. काळं फिनेल त्याच घराण्यातलं. पाण्यात पडताच ते दुधासारखं पांढरं होतं, कारण त्यातलं तेल बारीक थेंबांत विखुरतं. सरकारी दवाखाना, रेल्वे स्टेशन आणि चाळीतला सामाईक संडास या तिघांचा वास एका पिढीला एकच वाटायचा तो या फिनेलमुळे. पुढे त्या वासालाच लोक स्वच्छता समजू लागले. डाग तसेच, वास फिनेलचा, आणि सगळे खूश.

डागांसाठी हातगाडीवर अ‍ॅसिड यायचं, दारूच्या जुन्या बाटल्यांत भरलेलं. पॅनवरचा पिवळट थर मुख्यतः पाण्यातल्या क्षारांचा, त्यात लघवीतले क्षार आणि बोअरचं पाणी असेल तर लोहाचा गंज. अ‍ॅसिड ओतल्यावर फेस येतो तेव्हा जंतू मरताहेत असं वाटतं. प्रत्यक्षात चुन्याचा थर विरघळून कार्बन डायऑक्साइड सुटत असतो. या थरावर ब्लीचिंग पावडरचा, म्हणजे खेड्यातल्या विहिरीत पडणाऱ्या टीसीएलचा, काही उपयोग नाही. ती जंतू मारते, रंग उडवते, क्षार तसेच राहतात. मग चटकन काम व्हावं म्हणून दोन्ही एकत्र ओतणारे महाभाग असतात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि त्या बंद खोलीत माणूस गुदमरतो. विटकर आणि राख घासून डाग काढणाऱ्यांनी पॅनवरची काचेसारखी झिलई घासून काढली, त्यामुळे पुढचा डाग आणखी घट्ट बसला.

वाकड्या मानेच्या बाटलीतही आम्लच असतं, सौम्य आणि घट्टसर, कडेखालच्या भागाला चिकटून राहावं म्हणून. हार्पिक हे नाव तिच्या इंग्रज जनकाच्या, हॅरी पिकअपच्या नावावरून आलं. आपल्याकडे तिचा पसारा वाढला त्याला जाहिरातींइतकंच एक भीषण कारणही आहे. अ‍ॅसिडहल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये अ‍ॅसिडच्या सुट्या विक्रीवर निर्बंध आणले. विकत घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून घ्यायचा, अठरा वर्षांखालच्याला द्यायचं नाही. हातगाडीवरची बाटली कायद्याने तरी संपली.

मग घरात हे काम कोणाच्या वाट्याला आलं? बहुतेक ठिकाणी घरच्या बाईच्या. धुणं-भांड्याला येणाऱ्या बाईंना विचारलं तर त्या एक तर नाही म्हणतात किंवा संडास-बाथरूमचे वेगळे पैसे सांगतात, आणि मालकीणबाईंना ते आवडत नाही. मला बाईंचं म्हणणं रास्त वाटतं. ज्या कामाला शंभर वर्षं जात चिकटवली, त्याला आता निदान दर तरी चिकटवू दे.

गावांकडे गाडगेबाबांचा खराटा होताच, पण त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २००० साली सुरू झालं आणि हागणदारीमुक्ती हा ग्रामसभेत मोठ्याने उच्चारायचा शब्द झाला. पहाटे टमरेलवाल्यांना गाठणारी गुड मॉर्निंग पथकंही निघाली. लाजवून माणसाला संडासात पाठवता येतं, पण तिथे पाणी कोण आणणार हे पथक सांगत नसे. मराठवाड्यात म्हणूनच कितीतरी अनुदानाच्या संडासांत सरपण भरलेलं दिसायचं. जे वापरात आले त्यांच्याबाबतीत आरोग्यसेवक आता वेगळ्याच गोष्टीमागे लागलेले असतात: मैल्याच्या टाकीतला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपला जाळी बांधा. उघड्या पाइपातून क्यूलेक्स डास आत जातात, मैलापाण्यात अंडी घालतात आणि हत्तीरोग पसरवतात. आतला पॅन आरशासारखा असला तरी.

टाकी हाच या इतिहासाचा न सुटलेला भाग आहे. गटार नसलेल्या घराचा मैला सेप्टिक टँकमध्ये जातो, आणि तो दर दोन-तीन वर्षांनी उपसायला हवा. बहुतेक घरं टाकी तुंबेपर्यंत थांबतात. मग कोणाला तरी आत उतरवलं जातं. माणसाला असं आत उतरवायला २०१३ च्या नव्या कायद्याने बंदी असूनही माणसं वायूने मरतात. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख केली. साताऱ्यातलं वाई आणि नाशिकमधलं सिन्नर या दोन नगरपरिषदांनी वेगळी वाट धरली: टाकी तुंबण्याची वाट न पाहता प्रत्येक घराची पाळी लावून तीन वर्षांत एकदा सक्शन गाडीने ती रिकामी करायची. त्यासाठी घरमालकाने एकच करायचं असतं, टाकीचं झाकण उघडता येईल असं ठेवायचं. महाराष्ट्रातल्या असंख्य बंगल्यांत ते झाकण पोर्चच्या टाइल्सखाली गाडलेलं आहे.