‘केमिस्ट्री’वाले आणि ‘केमिकल’वाले

मी एमएससी, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत. नोकरीची बहुतेक वर्षं औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपन्यांच्या आर अँड डीत गेली. तरी आमच्या आत्याबाई लग्नकार्यात माझी ओळख करून देतात ती ‘हा आमचा केमिकल इंजिनिअर’ अशीच. पूर्वी मी दुरुस्ती करायचो, ‘नाही हो, मी केमिस्ट.’ त्यावर समोरून ‘म्हणजे मेडिकल स्टोअर का?’ असं यायला लागलं, तेव्हा नाद सोडला.

आत्याबाईंचं सोडा, पण हाच घोळ अॅडमिशनच्या दिवसांत महागात पडतो. बारावीला केमिस्ट्रीत उत्तम मार्क पडले म्हणून पोरगं केमिकल इंजिनिअरिंगला जातं आणि दुसऱ्या वर्षी विचारतं, ‘केमिस्ट्री कधी सुरू होणार?’ होत नाही. त्या चार वर्षांत रसायनशास्त्र ताटातल्या लोणच्याएवढं. मुख्य वाढप म्हणजे गणित, थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड फ्लो, हीट ट्रान्सफर, मास ट्रान्सफर, प्रोसेस कंट्रोल. पहिला धडा बहुतेक ठिकाणी मटेरियल बॅलन्सचा: आत किती गेलं, बाहेर किती आलं, मधलं कुठे राहिलं. किराणा दुकानदाराचा हिशेबच, फक्त इथे माल पाइपातून वाहतो.

उलट बीएससी-एमएससीला रेणू हाच नायक. बंध कुठे तुटला, इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले, बाटलीत तयार झालं ते नेमकं काय आणि कशावरून. एनएमआर या यंत्राचा, म्हणजे रेणूची रचना सांगणारा, आलेख समोर ठेवून हरवलेला हायड्रोजन शोधत बसणं हा आमचा व्यायाम. एमएससीच्या मुलाला पंपाची निवड कोणी शिकवत नाही, आणि केमिकलच्या मुलाला एनएमआर वाचता आला नाही तरी त्याचं काही अडत नाही.

या दोन विद्या वेगळ्या झाल्या त्याला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. कारखान्यांच्या तपासणीचं काम केलेल्या जॉर्ज डेव्हिस यांनी 1887 साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरला केमिकल इंजिनिअरिंगवर काही व्याख्यानं दिली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीने केमिकल इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम काढला. 1915मध्ये आर्थर लिटल यांनी त्यामागची कल्पना दोन शब्दांत बसवली: युनिट ऑपरेशन. उसाचा रस आटवा, दूध आटवा की कॉस्टिक सोड्यातलं पाणी उडवा, बाष्पीभवनाचं गणित एकच. गाळणं, वाळवणं, ऊर्ध्वपातन यांचंही तसंच. रेणू कोणता याला दुय्यम स्थान.

करिअरचा निम्मा फरक मला इथेच दिसतो. केमिकलवाला साखर कारखान्यातून डेअरीत, डेअरीतून रिफायनरीत, तिथून मुंबईतल्या एखाद्या डिझाइन कन्सल्टन्सीत जाऊ शकतो, शिदोरी तीच. केमिस्टची शिदोरी त्याच्या रेणूंना बांधलेली. पंधरा वर्षं हेटेरोसायकल्स, म्हणजे औषधांत लागणारे एका जातीचे वलयाकार रेणू, केलेल्या माणसाला रंगाच्या कंपनीत गेल्यावर पुन्हा पाटी-पेन्सिल घ्यावी लागते. अॅनालिटिकलवाले याला अपवाद. त्यांचं एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, औषध, पाणी आणि मसाला असा भेद करत नाही.

आता फ्लास्क आणि रिॲक्टरबद्दल, कारण खरी जुंपते ती तिथे. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये मी एक रिअॅक्शन करतो. ती उष्णता सोडते, म्हणून फ्लास्क बर्फात ठेवून दुसरं द्रव्य थेंब थेंब घालतो. अर्ध्या तासात काम झालं, शुद्धताही छान. हीच कृती कारखान्यातल्या मोठ्या भांड्यात, म्हणजे हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये न्यायची. लांबी-रुंदी-उंची दहापट झाली, तर आतलं द्रव्य हजारपट होतं, पण ज्या भिंतीतून उष्णता बाहेर जाणार ती भिंत शंभरपटच होते. म्हणजे लिटरमागे थंड करणारा पृष्ठभाग दहावा हिस्सा. अर्ध्या तासाचं काम पाच-सहा तासांवर जातं. घाई केली तर तापमान हाताबाहेर जातं, आणि एमआयडीसीच्या गावांत राहणाऱ्यांना ‘हाताबाहेर’ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

हा हिशेब मांडणं इंजिनिअरचं काम. पण तो मांडून झाला की चेंडू परत माझ्याकडे येतो: सहा तास त्या भांड्यात थांबलेला माझा रेणू टिकेल का? की बसल्या बसल्या पुढची रिअॅक्शन करून नवी अशुद्धी तयार करेल? एका कंपनीत आम्ही हा प्रश्न विचारलाच नाही. फ्लास्कमध्ये सात वेळा उत्तम आलेली बॅच प्लांटमध्ये तपकिरी काकवीसारखी निघाली. इंजिनिअर म्हणाला तुमची केमिस्ट्री कच्ची, मी म्हणालो तुझं कूलिंग कच्चं. दोघंही बरोबर होतो, आणि बॅच ड्रमात भरून विल्हेवाटीला गेली.

याच भांडणाचं इतिहासातलं मोठं रूप म्हणजे अमोनिया. केमिस्ट फ्रिट्झ हाबर यांनी 1909मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहला हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन मोठ्या दाबाखाली जोडून दाखवले. उत्प्रेरक ऑस्मियम, उत्पादन तासाला जेमतेम पेलाभर. केमिस्टचं काम तिथे झालं: हे होऊ शकतं, हे सिद्ध झालं. मग बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने ते कार्ल बॉश यांच्या हाती दिलं. ऑस्मियम जगातच इतकं कमी की त्यावर कारखाना चालणं अशक्य. आल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्या करून लोखंडाचा स्वस्त उत्प्रेरक शोधला. आणि मग फुटायला लागल्या नळ्या! तापलेला हायड्रोजन पोलादातला कार्बन खाऊन त्याला ठिसूळ करत होता. बॉश यांनी आतून कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचं अस्तर लावलं आणि बाहेरच्या पोलादी कवचाला बारीक भोकं पाडली, म्हणजे झिरपलेला हायड्रोजन निघून जाईल. 1913मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. हाबर यांना 1918चं नोबेल, बॉश यांना 1931चं. आज चेंबूरला आणि अलिबागजवळ थळला आरसीएफच्या खत कारखान्यांत अमोनिया होतो तो याच वाटेने.

मात्र ही गोष्ट सांगताना एक खोडी लपवली जाते, ती मी लपवत नाही. बॉश आधी धातुशास्त्र आणि यंत्रशास्त्र शिकले होते खरे, पण त्यांची डॉक्टरेट रसायनशास्त्रातली. भोकं पाडायचं सुचलं ते हायड्रोजन पोलादाचं काय करतो हे कळलं म्हणून. आपल्याकडे पुण्याच्या एनसीएलचे, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, संचालक बघा. वेंकटरामन आणि टिळक हे रंगद्रव्यांचे केमिस्ट. त्यांच्यानंतर दोराईस्वामी आणि माशेलकर, दोघंही केमिकल इंजिनिअर. मग रत्नसामी, पुन्हा केमिस्ट. मुंबईच्या माटुंग्यातल्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात (आजची आयसीटी), 1933पासून दोन्ही जमाती एकाच संस्थेत वाढल्या. वेंकटरामन एनसीएलला गेले ते तिथूनच, आणि माशेलकर शिकले तेही तिथेच.

आता शिडीबद्दल, कारण पालक तेच विचारतात. इंजिनिअरिंगची पहिली पदवी हे पूर्ण दार आहे. बीई झालेला मुलगा थेट प्लांटवर किंवा डिझाइनला लागतो. पुढचं शिक्षण ऐच्छिक. केमिस्ट्रीत पहिली पदवी म्हणजे अर्धं उघडलेलं दार. बीएससीवर मालाची गुणवत्ता तपासणारी क्यूसी लॅब मिळते, नाहीतर प्रॉडक्शनची पाळी. एमएससी केलं की आर अँड डी उघडतं, त्यातही औषध कंपन्यांमुळे ऑरगॅनिकला मागणी जास्त. स्वतःचा संशोधनाचा प्रश्न स्वतः ठरवायचा तर पीएचडी. म्हणजे आमच्याकडे प्रत्येक पदवीनंतर काम बदलतं, आणि कमाई उशिरा सुरू होते. घरची ओढाताण असेल तर हा फरक विषयाच्या आवडीपेक्षा मोठा ठरतो, हे कुणी तोंडावर सांगत नाही.

बाकी वाटा केमिस्टला जास्त फुटतात. एमएससी-बीएड करून ज्युनिअर कॉलेज, नेट किंवा सेट काढून सीनिअर कॉलेज, पेटंटचं काम, राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत रासायनिक विश्लेषक. केमिकलवाल्याला सरकारी रिफायनऱ्या आणि खत कंपन्या, काही ठिकाणी ‘गेट’ या देशपातळीवरच्या परीक्षेच्या मार्कांवर. गेटचे पेपरही वेगळे, आमचा सीवाय, त्यांचा सीएच.

आणि मधला पट्टा? तो प्रचंड आहे. लोटे, महाड, तारापूर, कुरकुंभ अशा केमिकल कारखान्यांच्या वसाहतींत कुठेही जा, ‘प्रॉडक्शन केमिस्ट’ नावाची जमात भेटेल: बीएससी झालेली, पण दिवसभर रिॲक्टर, सेंट्रिफ्यूज आणि व्हॅक्यूमशी झुंजणारी. छोट्या कारखान्याच्या मालकाला इंजिनिअर परवडत नाही, म्हणून हीट ट्रान्सफर हा केमिस्ट व्हॉल्व्ह फिरवता फिरवता शिकतो. औषधनिर्मितीच्या नियमांतही त्याला जागा आहे. उत्पादनावर तांत्रिक देखरेख करायची तर फार्मसीच्या पदवीधराला दीड वर्षाचा अनुभव लागतो, केमिस्ट्रीच्या पदवीधराला तीन वर्षांचा, आणि केमिकल इंजिनिअरलाही तीनच. माझ्या पाहण्यातले सर्वांत तरबेज प्लांटवाले याच पट्ट्यातले, आणि बढतीच्या वेळी पदवीवरून अडलेलेही तेच.

इकडून तिकडे, म्हणजे केमिस्ट्रीतून केमिकलला, जाता येतं का? तिकडून इकडे सहसा कोणी येत नाही. इकडून तिकडे मात्र वाट आहे: बीएससी झाल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. मुख्य अट, बारावीला गणित असलं पाहिजे. मेडिकलच्या आशेने गणित सोडून बायोलॉजी (पीसीबी) घेऊन बीएससीकडे वळलेल्यांची वाट नेमकी तिथेच अडते, आणि ते त्यांना कळतं तेव्हा अकरावीचा फॉर्म भरून पाच वर्षं झालेली असतात.