पावणेचौदा वर्षांच्या अ‍ॅड्रियनची डायरी आली कुठून?

लेस्टर शहरातला अ‍ॅड्रियन मोल १ जानेवारी १९८१ला डायरी लिहायला घेतो. नव्या वर्षाचे संकल्प, आणि त्याच दिवशी हनुवटीवर उगवलेली पुटकुळी. पुढचे पंधरा महिने तो सगळं टिपत राहतो: वर्गातल्या पँडोरावरचं प्रेम, आईबापांची भांडणं, बीबीसीला धाडलेल्या आणि साभार परत आलेल्या कविता, आपण बुद्धिवंत असल्याची पक्की खात्री. ‘द सीक्रेट डायरी ऑफ अ‍ॅड्रियन मोल’ ऑक्टोबर १९८२मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्या दशकात ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त खपलेल्या कादंबऱ्यांमध्ये जाऊन बसली. वयात येणाऱ्या मुलाची धमाल म्हणून ती वाचली जाते, आणि ती धमाल आहेच. पण माझ्या मते ती गरिबी सोसलेल्या एका आईने लिहिलेली, आपल्या काळावर चिडलेली कादंबरी आहे.

लेखिका सू टाउनसेंड यांचा जन्म १९४६चा, लेस्टरचाच. वडील पोस्टमन. आठव्या वर्षापर्यंत त्यांना वाचता येत नव्हतं. गालगुंड होऊन घरी पडल्या असताना आईने जुन्या बाजारातून रिचमल क्रॉम्प्टनची ‘विल्यम’ या खोडकर पोराची पुस्तकं आणून दिली आणि ती समजून घ्यायच्या हट्टापायी वाचन आलं. शाळा लवकर सुटली. अठराव्या वर्षी लग्न, पंचविशीच्या आत तीन मुलं, मग नवरा सोडून गेला. पोरांना घेऊन एकटीने दिवस काढताना बाई रात्री लिहीत आणि लिहिलेलं लपवून ठेवत. हे चोरून लिहिणं किशोरवयापासूनचं, सुमारे वीस वर्षं चाललेलं. पुढे दुसऱ्या नवऱ्याला हे कळलं, त्याच्या आग्रहावरून १९७८च्या सुमारास त्या लेस्टरच्या फिनिक्स थिएटरमधल्या लेखकांच्या गटात जाऊ लागल्या, आणि ‘वूम्बरँग’ या नाटकाला थेम्स टेलिव्हिजनचा पुरस्कार मिळाला.

अ‍ॅड्रियनचं बीज मात्र त्याआधी घरातच पडलं होतं. एका रविवारी थोरला मुलगा कुरकुरला, की बाकीच्यांची कुटुंबं सफारी पार्कला जातात, मग आपण का नाही? त्या वाक्यातला दुखावलेला, आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारा सूर बाईंनी नेमका पकडला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. परवडत नाही हे आईला ठाऊक आहे. मुलाला एवढंच दिसतं की आपल्यावर अन्याय होतोय. सबंध कादंबरी याच फटीत घडते. शेजारचे मिस्टर लूकस सारखे घरी का येतात हे वाचकाला केव्हाच उमगलेलं असतं, तेव्हा अ‍ॅड्रियन आपल्या पुटकुळ्या मोजत असतो.

सुरुवातीला हा पोरगा अ‍ॅड्रियन नव्हता, नायजेल होता. संहिता बीबीसीच्या नभोनाट्य विभागातल्या जॉन टाइडमन यांच्याकडे गेली आणि २ जानेवारी १९८२ला रेडिओ फोरवर नायजेल मोलची डायरी ऐकू आली. मेथुएन प्रकाशनाने पुस्तक करायचं ठरवलं तेव्हा नाव अडलं. जेफ्री विलन्स यांचा, रोनाल्ड सर्ल यांच्या चित्रांनी गाजलेला, १९५०च्या दशकातला शाळकरी नायजेल मोल्सवर्थ सगळ्यांना पाठ होता. म्हणून नायजेलचा अ‍ॅड्रियन झाला. टाइडमन मात्र खऱ्या नावानिशी कादंबरीत शिरले: अ‍ॅड्रियनच्या कवितांना सभ्य नकार कळवणारे गृहस्थ तेच.

नाव बदललं ते बरंच झालं, कारण दोन्ही पोरांची दुनिया वेगळी. मोल्सवर्थ बोर्डिंग शाळेतला, फी भरणाऱ्या घरचा. अ‍ॅड्रियन सरकारी शाळेत जातो. बाप विजेचे हीटर विकायचा, त्याची नोकरी जाते. आई लूकसबरोबर घर सोडून शेफील्डला जाते. जानेवारी १९८२मध्ये ब्रिटनमधल्या बेरोजगारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेला, आणि त्यातल्या एका घरात काय चाललंय हे त्या घरातलं पोर लिहीत होतं.

शाळेतल्या जेवणाची नोंद बघा. ग्रेव्ही बंद झाली, कस्टर्ड गेलं, गरम पुडिंग गेलं. उरलं हॅम्बर्गर, बीन्स, चिप्स आणि दही नाहीतर डोनट. पुढे आम्ही निदर्शनं करण्याइतके धडधाकट राहू नये अशीच पंतप्रधान मिसेस थॅचरची इच्छा असावी, असा त्याला संशय येतो. वाचताना हसू येतं. पण १९८०च्या शिक्षण कायद्याने शाळेच्या जेवणासाठी ठरवून दिलेले पोषणाचे निकष आणि किमती खरोखरच काढून टाकल्या होत्या. मुलाच्या तोंडी घातल्यामुळे या टीकेला भाषणाचा वास येत नाही, ताटात काय पडलं तेवढंच तो सांगतो. काळ्या मोज्यांच्या सक्तीविरुद्ध तो लाल मोजे घालून जातो, तेव्हाही त्याला आपण क्रांतिकारक वाटतो आणि वाचकाला तो फक्त गोड वाटत नाही, थोडा बरोबरही वाटतो.

शेवटाकडे २ एप्रिल १९८२ येतो. अ‍ॅड्रियनचा पंधरावा वाढदिवस. हीच सू टाउनसेंड यांचीही जन्मतारीख, आणि अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधल्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवलं तोही दिवस. बापाला वाटतं ही बेटं स्कॉटलंडजवळ आहेत. नकाशात ती आधी सापडतच नाहीत, कारण त्यांच्यावर केकचा कण पडलेला असतो.

पुस्तक डोक्यावर घेतलं गेलं. १९८४मध्ये दुसरा भाग आणि संगीत नाटक, १९८५मध्ये थेम्सची मालिका. बाईंनी अ‍ॅड्रियनला पोरवयात गोठवून ठेवला नाही, हा त्यांचा मोठेपणा. आठ पुस्तकांत तो प्रौढ झाला, बाप झाला, पंतप्रधान टोनी ब्लेअरवर भाबडा विश्वास ठेवू लागला. २००४च्या कादंबरीत तो सायप्रसची सहल रद्द करतो, कारण सद्दामची क्षेपणास्त्रं पंचेचाळीस मिनिटांत तिथे पोचतील असं पंतप्रधानांनी सांगितलेलं असतं. ट्रॅव्हल एजंट अनामत रक्कम परत देत नाही, म्हणून हा ब्लेअरकडेच पुरावा मागतो. त्याचा स्वतःचा मुलगा सद्दामविरुद्धच्या युद्धावर इराकला जातो. मधुमेहामुळे टाउनसेंड यांची दृष्टी तोवर गेली होती, हे पुस्तक त्यांनी तोंडी सांगून लिहवून घेतलं. अ‍ॅड्रियनचं शेवटचं पुस्तक २००९मध्ये आलं. १० एप्रिल २०१४ला, लेस्टरमध्येच, त्या वारल्या.