अल्झायमर रोगाच्या जोखीम घटकांचे संशोधन

अल्झायमर कोणाला होण्याची शक्यता जास्त आणि का, याचा शोध जनुके व जीवनशैली अशा दोन्ही अंगांनी घेतला जातो. या शोधातली मोठी अडचण काळाची आहे. मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन साचू लागल्यापासून विस्मरण जाणवेपर्यंत १५ ते २० वर्षे उलटतात. त्यामुळे निदानाच्या सुमारास दिसणारी एखादी सवय रोगाचे कारण आहे की रोगाचाच परिणाम, हे सहजी ठरत नाही.

आनुवंशिक बाजूला एपीपी (गुणसूत्र २१), प्रेसेनिलिन १ (गुणसूत्र १४) आणि प्रेसेनिलिन २ (गुणसूत्र १) या जनुकांतील उत्परिवर्तने बहुधा पासष्टीच्या आतच रोग घडवतात. ती अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. पण असे रुग्ण एकूण रुग्णांच्या १ टक्क्याहूनही कमी.

उतारवयातील रोगात सर्वांत वजनदार जनुक म्हणजे १९व्या गुणसूत्रावरील एपीओई. त्याचा संबंध १९९३ मध्ये उघड झाला. त्याचे ई२, ई३ व ई४ हे प्रकार प्रथिनातील ११२ आणि १५८ या दोन स्थानांवर सिस्टीन आहे की आर्जिनीन (दोन्ही अमिनो आम्ले), यावरून ओळखतात : दोन्हीकडे सिस्टीन असेल तर ई२, ११२ वर सिस्टीन व १५८ वर आर्जिनीन असेल तर ई३, दोन्हीकडे आर्जिनीन असेल तर ई४. युरोपीय वंशाच्या लोकांत ई४ची एक प्रत जोखीम सुमारे तिप्पट करते, दोन प्रती ८ ते १२ पट. ई२ ती घटवतो. आफ्रिकी वंशात ई४चा प्रभाव सौम्य आढळतो. जनुकांतील ठरावीक जागा वाचणाऱ्या काही चिपांवर ११२ क्रमांकाच्या स्थानाचे थेट वाचन नसते, ते आजूबाजूच्या खुणांवरून अनुमानाने भरले जाते. या अनुमानाची गुणवत्ता न तपासता पुढे गेल्यास ई४ आणि ई३ची सरमिसळ होते, आणि मग सगळेच विश्लेषण फसते.

संपूर्ण जनुकसंचाच्या पाहणीत लाखो जागा एकाच वेळी तपासल्या जातात, म्हणून योगायोग गाळण्यासाठी पी-मूल्य (खरा संबंध नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता) ५×१०⁻⁸ पेक्षा कमी असावे लागते. २०२२ मधील एका मोठ्या पाहणीत अशा ७५ जागा मिळाल्या. अनेक जनुकांचा एकत्रित जोखीम गुणांक काढताना एपीओईचा भाग वेगळा ठेवावा. नाहीतर तो एकटाच बाकीच्यांना झाकून टाकतो.

जीवनशैलीच्या बाजूने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे (अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण) १४ बदलता येण्याजोगे घटक मांडले. त्यांत कमी शिक्षण, श्रवणदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, हवेचे प्रदूषण, दृष्टिदोष वगैरे येतात. हे सारे दूर झाले तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा अंदाज आहे. हा आकडा संपूर्ण लोकसमूहाचा आहे, एका माणसाला तो लावता येत नाही.

ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल दोन अभ्यासाने सुमारे २८ वर्षांची माहिती पाहिली. पुढे स्मृतिभ्रंश झालेल्यांची हालचाल निदानाच्या जवळपास ९ वर्षे आधीच मंदावू लागली होती. पाच वर्षांच्या पाठपुराव्यात 'व्यायाम न केल्याने रोग झाला' असे दिसते ते बऱ्याचदा यामुळेच. वजनाचेही तसेच : मध्यमवयातील लठ्ठपणा जोखीम वाढवतो, पण निदानाआधी वजन उतरते. म्हणून मोजमाप चाळिशी-पन्नाशीत घ्यावे आणि पहिल्या दहा वर्षांतील रुग्ण वगळून गणित पुन्हा करावे. धूम्रपानात सापळा उलटा आहे : धूम्रपान करणारे लवकर दगावतात, त्यामुळे वाचलेल्यांकडेच पाहिले तर सवय निरुपद्रवी भासते.

जनुके जन्मतः चिठ्ठ्या टाकल्यासारखी योगायोगाने वाटली जातात, याचा आधार घेऊन कार्यकारणभाव तपासणारी मेंडेलीय पद्धत येथे उपयोगी पडते. मात्र एपीओई कोलेस्टेरॉलही बदलते. कोलेस्टेरॉलची जोखीम तपासताना एपीओईचा भाग गाळला नाही, तर या जनुकाचा स्वतंत्र परिणाम कोलेस्टेरॉलच्या माथी बसतो.

स्वयंसेवकाला एपीओईचा निकाल कळवायचा की नाही, हे नमुना घेण्यापूर्वी लेखी ठरवावे लागते. ई४च्या दोन प्रती असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याकडे एक प्रत जातेच, आणि तिच्या आई-वडिलांकडेही प्रत्येकी किमान एक असते. त्यामुळे एकाच्या निकालातून संमती न दिलेल्या नातेवाइकांचीही माहिती उघड होते.