पोस्टर नको, मजकूर पाठवा : आमच्या वेबसाइट ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाळीची सुट्टी, नाताळ किंवा आंब्याचा सीझन जवळ आला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टरांची रांग लागते. देवबागच्या होमस्टेचं रेट कार्ड, खानावळीचा मेनू, स्कूबाचं पॅकेज, हापूसच्या पेटीचे भाव. खाली एकच ओळ असते, ‘ह्यां पोस्टर तेवढां सायटीर टाका.’ मग आम्ही उलट फोन करतो आणि त्यातली माहिती लिहून पाठवायला सांगतो. इथे बऱ्याच जणांची नाराजी होते. सगळं त्यात छापलेलं असताना पुन्हा कशाला मागता, हा प्रश्न आम्हाला दर सीझनला ऐकायला मिळतो. त्याचं उत्तर एकदा सविस्तर द्यावं म्हणून हे पत्रक.

पोस्टरवर तुम्हाला अक्षरं दिसतात, पण वेबसाइटवर चढवल्यावर ते फक्त एक चित्र असतं. त्यातला फोन नंबर हा नंबर राहत नाही आणि ‘मासळी थाळी’ हे शब्दही शब्द राहत नाहीत.

कोल्हापूरचं एक कुटुंब शुक्रवारी संध्याकाळी फोंडा घाट उतरतंय, असं धरा. तारकर्लीत राहायचं ठरलंय, खोली ठरलेली नाही. मागच्या सीटवरच्या मुलीने तीन होमस्टेच्या साइट उघडल्यात. दोन साइटवर नंबर मजकुरात आहे. त्यावर बोट ठेवलं की नंबर आपोआप डायल पॅडवर येतो आणि हिरवं बटण दाबलं की बोलणं सुरू. तिसऱ्या साइटवर नंबर पोस्टरात आहे. बोट ठेवलं तर फार तर पोस्टर मोठं होतं. आता तिने दहा आकडे लक्षात ठेवायचे, साइट बंद करायची, नंबर दाबायचा, मधलाच एखादा आकडा विसरला तर परत यायचं. गूगल लेन्सने चित्रातला नंबर उचलता येतो, असं आम्हाला काही जण सांगतात. येतो, पण शेजारी एका बोटात लागणारे दोन नंबर असताना कुणी तेवढं करत बसत नाही. तुमची खोली चांगली असेल, सुरमईही ताजी असेल, तरी पहिला फोन दुसरीकडे जातो.

दुसरी अडचण आकाराची. ए-फोर कागद २१ सेंटीमीटर रुंद असतो आणि मोबाइलचा पडदा साधारण सात. पोस्टर तिथे एक तृतीयांश होतं. कागदावर आरामात वाचता येणारं १२ पॉइंटचं अक्षर पडद्यावर ४ पॉइंटचं होतं, म्हणजे औषधाच्या बाटलीवरच्या बारीक छपाईहूनही लहान. मजकूर लिहिलेला असला की तो पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपसूक मांडला जातो आणि अक्षर वाचण्याजोगं राहतं. शिवाय मजकुराचं वजन नगण्य असतं. प्रेसमधून आलेलं पोस्टर कधी कधी चार-पाच एमबीचं असतं, आणि किनाऱ्याच्या गावांत रेंज कशी असते ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

तिसरी गोष्ट शोधण्याची. ‘देवबाग होमस्टे शाकाहारी जेवण’ असं कुणी गूगलवर टाकलं, तर गूगल ते शब्द तुमच्या पानावर आहेत का ते बघतं. महत्त्वाचा मजकूर चित्रात ठेवू नका, असं गूगल स्वतःच साइट बनवणाऱ्यांना सांगतं. तुमच्याकडे शाकाहारी जेवण मिळतं हे फक्त पोस्टरात असेल, तर त्या शोधात तुमचं पान वर येईल याचा भरवसा नाही. बेळगाव, हुबळी, बंगळूरहून येणारे पाहुणे ब्राउझरमधून पान आपल्या भाषेत करून वाचतात, तेही मजकूर असेल तरच नीट जमतं. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ‘टॉकबॅक’ या सोयीने पान मोठ्याने वाचून दाखवतो. पोस्टर आलं की तो बहुतेक वेळा गप्प होतो किंवा नुसतं ‘चित्र’ म्हणून पुढे जातो.

आंबा बागायतदारांना ही अडचण सगळ्यात महागात पडते. मार्चमध्ये पेटीचा भाव एक असतो, आवक वाढली की मेमध्ये दुसरा. भाव पोस्टरात असला की दर बदलाला प्रेसमध्ये जा, मूळ फाइल शोधा, नवं पोस्टर करून घ्या. तोवर साइटवर जुनाच भाव दिसत राहतो आणि पुण्याचं गिऱ्हाईक तोच धरून बसतं. मजकुरात असेल तर तुमचा एक मेसेज पुरतो, ‘पाच डझन पेटी, आजपासून अमुक रुपये’, आणि आम्ही त्याच दिवशी बदलतो. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली असेल तर तेही मजकुरात लिहून द्या. प्रमाणपत्राचा फोटो त्याखाली लावू. अस्सल माल शोधणारं गिऱ्हाईक ती ओळ आधी बघतं.

‘मग तुम्हीच पोस्टर बघून टाइप करा की,’ असंही सांगितलं जातं. करतो, पण त्याचे वेगळे पैसे लावतो, आणि ते का ते ऐका. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं पोस्टर दाबलं जाऊन धूसर होतं. ६ की ८, कळत नाही. तुमचे २,६०० आमच्याकडून २,८०० झाले तर पाहुण्याशी वाद तुमच्या दारात होणार. म्हणून प्रत्येक आकडा आम्ही फोनवर तुमच्याकडून तपासून घेतो. टायपिंगपेक्षा त्या तपासणीलाच वेळ लागतो. लिहून आलेल्या मजकुरातले दर बदलायचे मात्र आमच्या वार्षिक देखभालीत वेगळे पैसे नाहीत, कितीही वेळा बदला.

प्रेसवाल्याकडून मजकूर मागवणार असाल तर थोडं थांबा. अनेक प्रेसमध्ये अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम चालतं. तिथला मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा गोंधळ दिसतो. तो बदलून घेता येतो, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, मग पुन्हा ओळ न ओळ तपासणं आलं. तुम्ही फोनवर मराठीत टाइप करता तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर तसाच उमटणाऱ्या अक्षरांत असतो, तो जसाच्या तसा वेबसाइटवर बसतो. म्हणजे प्रेसच्या फाइलपेक्षा तुमचा साधा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आमच्या जास्त उपयोगाचा. टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून बोला, मराठी चांगली उमटते. फक्त पाठवण्याआधी आकडे एकदा वाचा.

मेसेज कसा हवा, तर असा:

‘एसी खोली, २ माणसं, एका रात्रीचे २,४०० रुपये. जादा माणूस ५००. नाश्ता धरून. मासळी थाळी ३५०, शाकाहारी थाळी २००, जेवण आधी सांगावं लागतं. चेक-इन दुपारी १२. गाडी अंगणात लागते. कुडाळ स्टेशनवरून रिक्षा सांगून ठेवतो. हे दर १ नोव्हेंबरपासून.’

एवढं पुरतं. शुद्धलेखन आम्ही बघतो. शेवटची तारखेची ओळ मात्र विसरू नका, कारण दर कधीपासूनचे तेच नेमकं कुणी लिहीत नाही.

पोस्टरवर आमचा राग नाही. एसटी स्टँडवर, रिक्षाच्या पाठीवर, इन्स्टाग्रामवर ते हवंच, आणि ज्यांना लागेल त्यांना आम्हीही करून देतो. साइटवरही हौस म्हणून लावू, पण मजकुराच्या खाली, छोट्या आकारात. नुसतं पोस्टर लावून पान मोकळं ठेवा, असं कुणी सांगितलं तर आम्ही नाही म्हणतो. पान चालत नाही म्हणून बोलणी शेवटी आम्हालाच बसतात.

खोल्यांचे, बागेचे, ताटाचे फोटो हा वेगळा विषय. ते हवेतच आणि भरपूर हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे दाबले जात नाहीत. त्यांवर नाव-नंबर छापू नका.

नाताळचे दर नोव्हेंबरअखेर आणि आंब्याचा मजकूर फेब्रुवारीअखेर हाती आला तर गर्दी सुरू व्हायच्या आत पान तयार असतं. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी बाजाराच्या दिवशी दुकानात यावं. तुम्ही सांगा, आम्ही समोर टाइप करतो आणि तिथेच तुमच्या फोनवर उघडून दाखवतो. नंबर दाबून स्वतःलाच एक फोन लावून बघा आणि मगच उठा.