अभ्यासचित्र की चित्र? उशिरा ब्रश हाती घेणाऱ्यांसाठी

पन्नाशी-साठीत मनावर घेऊन, कुणाकडे न शिकता चित्रं काढू लागलेल्यांच्या वह्यांत एक गोष्ट हमखास दिसते. प्रत्येक पानावर पूर्ण चित्र असतं. कडेपर्यंत भरलेलं, पार्श्वभूमीसकट, कोपऱ्यात सही केलेलं. एकच कप नऊ वेळा काढलाय, किंवा पानभर नुसते अंगठेच आहेत, असं पान मिळत नाही. कारण समजण्यासारखं आहे. मोठ्या मुश्किलीने काढलेला तासभर वाया जाऊ नये, उठताना हातात काहीतरी दाखवण्याजोगं असावं, असं वाटतं. कला महाविद्यालयात स्टडीचा, म्हणजे अभ्यासचित्राचा तास वेगळा असतो आणि कंपोझिशनचा, म्हणजे चित्राच्या रचनेचा वेगळा, त्यामुळे हा घोळ तिथे कमी होतो. स्वतः शिकणाऱ्याला ही सीमा स्वतःच आखून घ्यावी लागते, आणि ती न आखल्यामुळे वर्षानुवर्षं चित्रं काढूनही हात तिथेच राहतो.

अभ्यासचित्र एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी काढतात. चित्र कुणीतरी पाहावं म्हणून घडवतात. दोन्हींत कागद तोच, पेन्सिल तीच, समोरची वस्तूही तीच असू शकते, म्हणून घोटाळा होतो. ‘अपूर्ण ते अभ्यासचित्र आणि पूर्ण ते चित्र’ ही समजूत तर सपशेल चुकीची आहे. चार तास खपून अगदी बारकाईने रंगवलेलं शंखाचं अभ्यासचित्र असू शकतं, आणि दहा रेषांत संपलेलं चित्रही असू शकतं. खरा फरक मोकळीकीचा आहे. अभ्यासचित्रात समोर जे आहे ते बदलायची मुभा नसते. चित्रात मात्र ते बदलावंच लागतं.

खिडकीशी ठेवलेला एक पांढरा कप घ्या. उजेड एकाच बाजूने येतोय. प्रश्न ठरवा: कपाची उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू यांच्या टोनमध्ये, म्हणजे फिकट-गडदपणात, किती अंतर आहे? कागदाच्या कडेला आधी पाच छोटे चौकोन करा. पहिला कोरा, पाचवा ४बी पेन्सिलने जमेल तितका गडद, मधले तीन सारख्या अंतराने. ही तुमची मोजपट्टी. आता कप साधारण दहा सेंटिमीटर उंचीचा काढा. बाह्यरेषेला पाच मिनिटं. मग उजेड संपून सावली सुरू होते ती कड शोधा, तिला पाच मिनिटं. सावलीचा सगळा भाग एकाच टोनने भरा, त्यात अजून काही घडवू नका. डोळे किलकिले करून पुन्हा बघा आणि तो टोन पट्टीवरच्या कुठल्या चौकोनाशी जुळतो ते ताडा. शेवटी कप टेबलाला टेकतो तिथली बारीक काळी फट, तेवढाच पाच क्रमांक. पंचवीस मिनिटं झाली की थांबा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सावलीची बाजू फिकी राहणं. कप पांढरा आहे हे मनाला ठाऊक असतं, म्हणून हात दोन क्रमांकाच्या पुढे जायला धजत नाही. डोळे किलकिले केले की कळतं, तीच बाजू तिनाच्या, कधी चाराच्या घरात आहे, आणि पुष्कळदा उजेडातल्या करड्या टेबलापेक्षाही गडद आहे. दुसरी चूक सावलीच्या अगदी कडेला होते. टेबलावरून परतून आलेला उजेड तिथे एक उजळ पट्टा करतो. तो पट्टा आजूबाजूच्या अंधारामुळे डोळ्याला आहे त्याहून जास्त उजळ भासतो, म्हणून त्याला भरपूर उजेड दिला जातो आणि कपाची गोलाई तिथेच मोडते. तो पट्टा सावलीच्याच कुटुंबातला. उजेडाच्या बाजूच्या सर्वांत गडद जागेपेक्षाही तो गडदच ठेवायचा.

याच कपाचं तळाचं लंबवर्तुळ वरच्यापेक्षा जास्त फुगीर दिसतं, कारण ते डोळ्याच्या पातळीपासून अधिक खाली आहे. कप सपाट टेबलावर उभा आहे म्हणून बहुतेक जण तळाची रेषा सरळ ओढतात. पण हा वेगळा प्रश्न आहे, त्याला वेगळा कागद द्या. एका अभ्यासचित्रात टोन, आकार आणि रंग तिन्ही सोडवायला निघालात तर नेमकं काय चुकलं ते शेवटी सांगता येत नाही. खोडरबरही लांब ठेवा. चुकलेली रेषा तशीच राहू द्या आणि बरोबर रेषा तिच्या शेजारी, जरा दाबून काढा. दोन्हींतलं अंतर ही त्या पानाची खरी कमाई आहे. सही नको. मागच्या बाजूला तारीख, वेळ, उजेडाची दिशा आणि प्रश्न लिहा. इंग्लंडच्या जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला ढगांची तैलरंगातली अभ्यासचित्रं केली, त्यांतल्या कित्येकांच्या पाठीवर दिवस, वेळ आणि वाऱ्याची दिशा नोंदलेली आहे. अभ्यासचित्र ही नोंद असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता हाच कप चित्रात आला की प्रश्नच बदलतो. तो कागदावर कुठे बसणार? त्याच्या भोवती किती मोकळी जागा हवी? नजर कपावर थांबावी की त्याच्या लांब सावलीवर? मागची भिंत प्रत्यक्षात फिकी असली तरी कपाचा उजेड उठून दिसावा म्हणून ती तुम्ही गडद कराल, कान आडवा येत असेल तर कप फिरवाल. म्हणून चित्राची तयारी आधी लहान आकारात होते. टोनचे तीनच विभाग ठेवून सहा-आठ थंबनेल, म्हणजे रचनेची छोटी कच्ची रेखाटनं काढा, प्रत्येक काड्यापेटीएवढं. त्यांच्या लांबी-रुंदीचं प्रमाण मात्र मोठ्या कागदाचंच हवं. २८ बाय ३८ सेंटिमीटरच्या कागदासाठी साडेचार बाय सहाचं थंबनेल चालतं. वहीत सहज चौकोनात बसवलेली रचना लांबट कागदावर नेली की दोन्ही बाजूंना रिकामी जागा उरते. मग ती भरायला झाड, खिडकी, पक्षी असं काहीबाही येतं आणि रचना कोसळते. थंबनेल ठरलं की पोस्टकार्डाएवढं एक रंगीत अभ्यासचित्र करा. मग रेखाटन ट्रेसिंग पेपरवर पक्कं करून कागदावर उतरवा. जलरंगात हे फार महत्त्वाचं आहे, कारण खोडाखोडीने कागदाचा पृष्ठभाग दुखावला की वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, तिथे डाग धरतो.

कागदाच्या बाबतीत काटकसर कुठे करायची, यातही गोंधळ होतो. पेन्सिलच्या अभ्यासाला १२० ते १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) साधा कार्ट्रिज कागद पुरे. जलरंगाचा अभ्यास मात्र पातळ कागदावर करू नका. तो फुगतो, पाणी खळग्यांत साचतं, रंग भलतीकडे ओढला जातो, आणि चूक हाताची की कागदाची हेच कळत नाही. चित्राला वापरता तोच ३०० जीएसएमचा कागद घ्या आणि आकार लहान करा. ५६ बाय ७६ च्या एका पूर्ण कागदातून १९ बाय २८ चे आठ तुकडे निघतात. रंगांचं उलट आहे. अभ्यासाला कुठलेही रंग चालतील, पण भिंतीवर लागणाऱ्या चित्रात उजेडाला टिकणारेच रंग हवेत. ट्यूबवर टिकाऊपणाची खूण बघून घ्या. काही झगझगीत गुलाबी आणि जांभळे रंग उन्हाच्या भिंतीवर काही महिन्यांतच फिके पडतात.

या दोन कामांचं नातं व्हिन्सेंट व्हॅन गॉगइतकं स्पष्टपणे क्वचितच कुणी दाखवलं असेल. चित्रकार व्हायचं त्याने १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी ठरवलं, आणि बहुतांश शिक्षण स्वतःच केलं. शार्ल बार्गच्या चित्रकलेच्या धड्यांवरून तो पुन्हा पुन्हा रेखाटनं करत असे. १८८४-८५ च्या हिवाळ्यात न्यूनेन गावी त्याने शेतकऱ्यांचे चेहरे रंगवले, एक-दोन नव्हे, डझनांनी. शिवाय हातांचीही अभ्यासचित्रं केली. त्यानंतर वसंतात बटाटे खाणाऱ्या कुटुंबाचं ते प्रसिद्ध मोठं चित्र केलं, तेही बरंचसं आठवणीतून. हिवाळाभर चेहरे आणि हात घोटले होते म्हणूनच ते आठवणीतून करता आलं, असं त्याने भावाला कळवलं होतं.

सगळे याच वाटेने जातात असंही नाही. अमेरिकेतल्या ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस, ज्यांना जग ग्रँडमा मोझेस म्हणून ओळखतं, सत्तरी उलटल्यावर रंगवू लागल्या आणि आठवणीतूनच रंगवत राहिल्या. पण त्याही वर्तमानपत्रांतली, शुभेच्छापत्रांतली चित्रं कापून साठवत आणि माणसं-जनावरं कुठे बसवायची ते त्यांवरून ठरवत. आठवणीतून काम करणाऱ्याचा अभ्यास असाही असतो. फक्त फोटोवर चौकटी आखून एकेक चौकट उतरवणं याला अभ्यास समजू नका. फोनने जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात, सावल्यांमधला तपशील काळ्यात बुडतो. चौकटींची नक्कल या चुका इमानाने उतरवते, आणि डोळा काहीच शिकत नाही.

उशिरा सुरू करणाऱ्यांसाठी एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती चष्म्याची. वाचायचा चष्मा साधारण ३५-४० सेंटिमीटरवर नेमकं दाखवतो. उभा बोर्ड हातभर लांब, साठ सेंटिमीटरच्या आसपास असतो, आणि वस्तू त्याहून लांब. मान सतत वर-खाली होते, प्रमाण चुकतं, आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. चष्मा करताना बोर्डाचं अंतर मोजून सांगा. बोर्ड मांडीवर आडवा न ठेवता उभा ठेवा, नाहीतर कागदाचा वरचा भाग तिरक्या नजरेने दबलेला दिसतो आणि चेहरे लांबुळके होतात.

आठवड्यात सहा दिवस मिळत असतील तर पाच दिवस अर्धा-पाऊण तास अभ्यास, आणि एक दिवस सलग अडीच-तीन तास चित्र, ही वाटणी पहिलं वर्षभर पाळून बघा. चित्राच्या दिवशी नवं तंत्र आजमावू नका. नवा कागद, नवा ब्रश आणि पहिल्यांदाच माणसांची गर्दी, हे सगळं एका चित्रात आलं की चित्र बिघडतं आणि त्यातून शिकणंही होत नाही.

अभ्यासचित्र चित्रापेक्षा सरस उतरतं, हेही नेहमी घडतं. पंचवीस मिनिटांत, न घाबरता, मोजकेच निर्णय घेऊन केलेलं असतं ते. मग दोन मोह होतात. एक म्हणजे त्यालाच ‘पूर्ण’ करायला बसणं. तसं करू नका. मागाहून भरलेली पार्श्वभूमी टोनचा हिशेब बिघडवते. दुसरा म्हणजे त्याची रेघ न् रेघ मोठ्या कागदावर उतरवणं. लहान कागदावर मनगटाच्या एका झटक्यात आलेली रेषा तिप्पट आकारात त्याच झटक्यात येत नाही. ती खांद्यातून, मोठ्या ब्रशने पुन्हा नव्याने काढावी लागते. रेखाटन उतरवून पहिले वॉश पडेपर्यंत अभ्यासचित्र समोर असू द्या, मग ते पालथं घाला आणि पुढचे निर्णय चित्राकडे बघून घ्या.

तीन महिन्यांनी अभ्यासचित्रांचा गठ्ठा काढा आणि पाठीवरचे प्रश्न वाचून त्यांचे ढीग लावा. कडा, टोन, लंबवर्तुळं, हात. सर्वांत उंच ढिगातलं पहिलं आणि शेवटचं पान शेजारी ठेवा. फरक दिसला तर तो प्रश्न आता चित्रात न्यायला हरकत नाही. दिसला नाही तर प्रश्न फार मोठा घेतलाय. ‘हात’ऐवजी ‘अंगठा तळव्याला जोडतो ती जागा’ एवढाच घ्या, आणि पुन्हा दहा पानं.